शंखबंदरचा काळा वाडा

या, या, पाय उचला जरा! किल्ला कुठे पळून जात नाही. गोड्या पाण्याची विहीर नि दीपगृह उद्या दाखवतो. आज चैत्री पुनव आहे हो, आजचं चुकलं तर शंखबंदरला येऊन केलंत काय? मी बाबल तांडेल, वय एकोणऐंशी. तीस वर्षं पाहुण्यांना हे गाव दाखवतोय, पण पुनवेच्या दिवशी अजून मला सकाळपासून जेवण जात नाही.

हा समोरचा जैतराजाचा वाडा. एके काळी इथे राजधानी होती. मागच्या बाजूने बघाल तर भिंती पांढऱ्याशुभ्र. दर्याकडची ही भिंत मात्र काळी-तांबडी. नुसता वाडाच नाही, गावातलं एकही घर दर्याच्या अंगाला चुना लावत नाही. मागे एका हॉटेलवाल्याने हौसेने लावला होता, तर बायकांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच तो खरवडून घेतला. दर्यावरून बघाल तर पांढरं एकच, टेकडीवरचं भैरोबाचं देऊळ.

असं सांगतात, की आम्हां तांडेलांचा, म्हणजे नाव हाकणाऱ्यांचा, पूर्वी एकच नेम होता. घरी येताना पांढरं नाकासमोर धरायचं. देवळाचा रोख धरला की नाव बिनघोर खाडीत शिरते. रोख चुकला की करवत. ती बघा, तिथे लाट फुटतेय ना, ते खडक! नावेला उभं चिरतात.

जैतराजाने मुलाच्या लग्नासाठी हा वाडा बांधला. शिंपले भाजून चुना केला आणि चारी भिंती अशा रंगवल्या, की उन्हात डोळे दिपत म्हणे. गावच्या बारा नावा तेव्हा चार महिने दक्षिणेला गेलेल्या. त्यांना या नव्या वाड्याची काय खबर?

लग्नाच्या आदल्या दिवशी, चैत्री पुनवेलाच, दुपार कलताना शिडं दिसली. सगळा किनारा नाचायला लागला. आवडाई तेवढी नाचेना. सगळ्यांत पुढच्या नावेवर तिचा नवरा जानू तांडेल. ती कपाळावर हात धरून बघत राहिली. नावा देवळाच्या रोखाने येतच नव्हत्या. वाड्याच्या रोखाने येत होत्या, आणि मध्ये करवत!

वारा दर्यावरचा, नावा सुसाट. उलट्या वाऱ्यात होडी वल्हवत जाऊन सांगणार कधी? आवडाई धावली ती जाळी रंगवायच्या जागेवर. जाळं कुजू नये म्हणून तेव्हा ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या काढ्यात बुडवायचे. मडकी भरून ठेवलेलीच होती. "उचला गं! नवरे परत हवेत ना?" एवढंच ती म्हणाली, नि पहिलं मडकं तिनेच वाड्यावर ओतलं.

अहो, काय गहजब झाला! उद्या लग्न आणि नव्याकोऱ्या भिंतीवर काळे ओघळ. शिपायांनी बायकांना अडवलं आणि आवडाईला दाराच्या खांबाला बांधलं, तोंड भिंतीकडे, पाठ दर्याकडे. राजा तणतणत आला. ती म्हणाली, "हात तोडायचे तर तोडा, महाराज. पण आधी त्या बुरुजावर जा नि आपला वाडा तांडेलाच्या डोळ्यांनी बघा."

राजा तापट, पण डोक्याने नारळ नव्हता. दर्यात घुसलेला तो बुरूज आहे ना, त्याच्या टोकापर्यंत गेला. मागे वळून बघतो तर वाडा झगझगतोय आणि टेकडीवरचं देऊळ तांदळाच्या दाण्याएवढं. पुढे बघतो तर बारा नावा सरळ करवतीवर. राजा तिथूनच ओरडला, "ओता! सगळं ओता! मडकी संपली तर चिखल मारा!"

मग काय, शिपाई, भटजी, नवरदेव, सगळेच भिडले. त्या गडबडीत आवडाईला सोडवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिला दर्या दिसेना. ती सारखी विचारी, "वळली काय गो?" कोणी उत्तर देईना. देणार काय? जानूची नाव करवतीच्या फेसात आली होती.

भिंत काळवंडली, आणि दर्यावरून पांढरं असं एकच उरलं. जानूने सुकाणू दाबलं. ते खडकाला घासून तुटलं, पण नाव वळली, आणि मागच्या अकराही वळल्या. सगळा किनारा एका आवाजात ओरडला, "वळली!" राजाने स्वतः दोर सोडला, तर आवडाई आधी दर्याकडे वळली नि हंबरडा फोडून रडली. दुसऱ्या दिवशी लग्न त्याच काळ्या वाड्यात लागलं आणि लग्नाचा पहिला मान राजाने तिला दिला.

त्या सुकाणूचा तुकडा देवळात आहे. आजही चैत्री पुनवेला बायका ही भिंत ऐनाच्या काढ्याने रंगवतात, आणि ज्या बाईचं माणूस दर्यावर असेल ती त्या खांबाशी पाठमोरी उभी राहते. नावा दिसल्या की विचारते, आणि गाव उत्तर देतं. उत्तर आल्याशिवाय ती वळत नाही.

ती बघा, खांबाशी, हिरवं लुगडं. ती आमची मंडळी. आमचा धाकटा लेक सहा दिवस झाले दर्यावर आहे, काल वारंही फार होतं. अहो, तो फोन खिशात ठेवा! शिडं... नाही, आता शिडं कुठली, ती बघा, निळी नाव! आमचीच! वळतेय... थांबा, अजून नाही... तिने विचारलं, ऐकलंत? हां, वळली, वळली! माझा आवाज आता तिथवर पोचत नाही हो. तुम्ही ओरडा. पोटातून ओरडा!