रवळूनं बंदूक पसंत केली

चंदगडाच्या बाजूला, जंगलाला चिकटून असलेल्या एका वाडीत रवळू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा थांब' म्हटलं की तो थांबायचा. पुढं 'आता चल' म्हणायला तो माणूस विसरला, तर जेवायच्या वेळी रवळूला शोधत जावं लागायचं.

पण अख्ख्या वाडीत बंदुकीचा परवाना मिळाला तो एकट्या रवळूला. त्याचं असं झालं. रानडुकरं पिकात घुसतात म्हणून पाच जणांनी अर्ज केले होते. कचेरीतले साहेब म्हणाले, "उद्या या." चौघं शहाणे होते, ते गेले नाहीत. रवळू दुसऱ्या दिवशी गेला. साहेब म्हणाले, "उद्या या." रवळू पुन्हा गेला. असा तो तीन वर्षं गेला. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "कुणाशी भांडण आहे का?" तर म्हणाला, "न्हाई. कुणाशी करू?" शेवटी साहेबांची बदली झाली. हा माणूस नव्या गावीही येईल, या धास्तीनं त्यांनी जाता जाता सही ठोकली. डुकरं मारायला वनखात्याचा परवानगीचा कागदही मिळाला.

रवळू राहायचा निंगाप्पामामाकडे. मामा एके काळचा पट्टीचा नेमबाज, पण आता गुडघे गेलेले. तरी त्या वर्षी त्यानं सरपटत सरपटत रताळ्याचे वेल लावले होते. चार पट्ट्या रताळी होती. महाशिवरात्रीच्या बाजारात ती गेली की घराचं वर्ष निघणार होतं. शिवरात्र दहा दिवसांवर आली होती, आणि डुकरांनाही ते ठाऊक असावं.

मामानं रवळूला समोर बसवलं.

"हे बघ. कोल्लापुरात हकीम शेठचं दुकान हाय. दुनळी घ्यायची. पर शेजारी शेजारी नळ्यांची नगं. एकावर एक नळ्या पायजेत, नेम सरळ बसतोय. आनी आपल्याच देशात केलेली घे. मोडली तर हितंच दुरुस्त हुत्या. नळी उजेडाकडं धरून आत बघ. आरशागत लख्ख पायजे. डाग दिसला तर घेऊ नको."

"बरं मामा," म्हणून रवळू एसटीत बसला.

शेठनं आधी शेजारी शेजारी नळ्यांची बंदूक दाखवली. रवळूनं ती आडवी केली.

"ही घेतो. झाल्या एकावर एक."

"अरे बाबा, तशी नाही धरायची. एकावर एक नळ्यांची ही बघ," म्हणून शेठनं दुसरी दिली.

रवळूनं तीही आडवी केली. "ह्या तर शेजारी शेजारी झाल्या की."

शेठनं पाणी मागवलं. पाणी पिऊन त्यानं ती बंदूक बिजागरीतून उघडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि म्हणाला, "नळीत बघ. आरसा आहे आरसा!" आणि कौतुकानं स्वतःच दारात, उजेडाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. रवळूनं एक डोळा मिटून नळीत बघितलं.

"डाग हाय."

"कुठं?"

"आत. मिशा असलेला डाग हाय."

"अरे, तो मी आहे!"

"मग तुमी आत कशाला गेलासा?" रवळूनं बंदूक ठेवली आणि तो घरी आला.

तेवढ्यात डुकरांनी रताळ्याची एक पट्टी उकरून खाल्ली.

मामानं कपाळाला हात लावला. "अरं येड्या, समोर कुणी हुबं आसंल तर त्याला सांगायचं, बाजूला व्हा!"

"चुकलंच मामा. आता असंच करतो."

दुसऱ्या खेपेला रवळू एसटीत अगदी मागच्या बाकावर बसला. समोर बघतो तर काय, माणसंच माणसं. तो उठून म्हणाला, "बाजूला व्हा." शेजारची बाई सरकली. पुढचा म्हातारा सरकला. रवळू पुढं पुढं सरकत कंडक्टरपाशी आला. "बाजूला व्हा." कंडक्टर वैतागून बाजूला झाला. आता समोर एकटा ड्रायव्हर उरला. गाडी घाटाच्या वळणावर होती.

"बाजूला व्हा," रवळू म्हणाला.

ड्रायव्हर बाजूला झाला नाही. गाडी मात्र बाजूला झाली, आणि दारातून रवळू खाली झाला. तिथून तो चालत घरी आला. तोवर डुकरांनी दुसरी पट्टी साफ केली होती.

"आता काय करू रं तुझं!" मामा ओरडला. "परक्या ठिकाणी गेल्यावर तोंड मिटून गप बसायचं! एक शब्द काढायचा न्हाई!"

"चुकलंच मामा. आता असंच करतो."

तिसऱ्या खेपेला रवळू दुकानात जाऊन गप बसला. शेठनं विचारलं, "कशी दाखवू?" रवळू गप. शेठनं एक दाखवली. रवळू गप. दुसरी दाखवली, अक्रोडाच्या दस्त्याची. रवळू गप. शेठला वाटलं, गिऱ्हाईक पक्कं दिसतं. त्यानं कपाटातली दाखवली. मग वरच्या माळ्यावरची काढली. मग चहा मागवला, भजी मागवली. रवळूनं भजी खाल्ली, पण शब्द काढला नाही. शेवटी शेठनं भिंतीवरची आपल्या आजोबांची, विकायची नसलेली बंदूकही खाली काढली आणि घाम पुसत म्हणाला, "यापेक्षा चांगली माझ्याकडे नाही, देवाशपथ!"

रवळू गप. सहा वाजले, दुकान बंद झालं. रवळू घरी आला. शेठ म्हणे त्या रात्री बायकोला सांगत होता, असा कसलेला माणूस उभ्या आयुष्यात बघितला नाही.

इकडं डुकरांनी तिसरी पट्टी खाल्ली. आता एकच उरली. विहिरीकडची, सगळ्यांत मोठी. मामा त्या पट्टीच्या बांधावर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रवळूलाही वाईट वाटलं. तोही शेजारी बसून रडला. मामा थांबल्यावर थांबला.

या वेळी मामा ओरडला नाही. त्यानं रवळूच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात, लहान पोराला समजवावं तसं सांगितलं.

"रवळ्या, नीट ऐक. बोलायचं तवा बोल. पर पयलीच दिसली म्हणून घेऊ नको. सगळ्या बघ, एकीला दुसरीच्या शेजारी ठेवून बघ. डाग बघ, वजन बघ, खुळखुळती का बघ. मग त्यातली एक पसंत कर. घाई केली की फसगत झाली म्हणून समज."

"बरं मामा."

आणि काय सांगावं! चौथ्या खेपेला रवळूनं अगदी तसंच केलं. शेठला म्हणाला, "तुमी उजेडातनं बाजूला व्हा." शेठ आनंदानं टाळ्या पिटायचा तेवढा राहिला. "बोलला! बोलला!" म्हणत बाजूला झाला. रवळूनं सहा बंदुका ओळीनं मांडल्या. एकीच्या नळीत डाग होता. एक बंद केल्यावर खुळखुळत होती. एक खांद्याला जड होती, एकीवर गालच टेकत नव्हता. पाचवी विलायती. सहावी आपल्याच देशातल्या कारखान्यात केलेली. एकावर एक नळ्या, आत आरसा, बंद केली की 'खट्' असा एकच आवाज. रवळूनं ती पसंत केली. उभी धरून.

ठाण्यात नोंद करून बंदूक वाडीत आली, तेव्हा लोक जमले. बायकांनी बंदुकीला हळदकुंकू लावलं. मामानं ती उघडली, बंद केली, खांद्याला लावली, नळीत बघितलं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मामाला इतका आनंद झाला की त्यानं रवळूला मिठीच मारली.

"शाब्बास रं माझ्या वाघा! आता आयुष्यात दुसरं काय शिकू नको. हितनं म्होरं परत्येक कामात असंच करत जा!"

"बरं मामा," रवळू म्हणाला.

तिन्हीसांजेला मामानं स्वतःच्या हातानं दोन काडतुसं दिली. रवळू विहिरीकडच्या पट्टीतल्या राखणीच्या माळ्यावर चढून बसला. मामा घराच्या ओट्यावर बसून कान देऊन राहिला. आता बार होईल. मग होईल. चंद्र वर आला, बार झाला नाही. कोंबडा आरवला, बार झाला नाही.

उजाडल्यावर रवळू आला. बंदूक उघडून हातावर आडवी घेतली होती, काडतुसं खिशात. चेहऱ्यावर समाधान.

"डुकरं आली न्हाईत व्हय रं?" मामानं आशेनं विचारलं.

"आली की. धा आली."

"धा! मग बार का न्हाई काढलास?"

"मामा, पयलंच घ्यायचं नसतंय." रवळूनं बंदूक खुंटीला टांगली. "पयलं आलं, बरं हुतं. पर म्हटलं, घाई केली की फसगत. मग सगळी बघितली. एकाच्या अंगावर चिखलाचं डाग हुतं. ते नगं म्हटलं. एक म्हातारं हुतं, चालताना खुळखुळत हुतं. दोन पिल्लं वजनाला हलकी. एकाला दुसऱ्याच्या शेजारी ठेवून बघायचं हुतं, पर ती ऱ्हात न्हवती. तरी नांगरल्यागत एका ओळीत फिरत हुती, म्हणून नीट बघता आलं."

"एका ओळीत काय करत हुती ती?" मामानं विचारलं.

"रताळी खात हुती."

मामा भिंतीला टेकला. "समदी?"

"समदी. पर मामा, शेवटी एक पसंत पडलं बघा!" रवळूचे डोळे चमकले. "काळंभोर. अंगावर एक डाग न्हाई. वजनाला चांगलं. आनी आपल्याच रानातलं, भायरचं न्हाई."

"मग? त्याच्यावर तरी बार काढायचास!"

"काढणारच हुतो. पर तवर पट्टी संपली आनी ती निघाली. समोर झाड आलं. झाडाला म्हटलं बाजूला व्हा, ते काय झालं न्हाई."

मामानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. रवळूला त्याची दया आली. तो जवळ बसला आणि मामाचे गुडघे चेपत म्हणाला,

"काळजी करू नगासा मामा. त्या काळ्याला मी वराडून सांगितलंय, उद्या ये. आनी उद्या ये म्हटलं की यावंच लागतंय. मी न्हाई का तीन वर्सं गेलो?"