टोलेबाज कोल्हा आणि बोलकं अस्वल

सागाच्या एका दाट रानात, मुलांनो, एक कोल्हा राहायचा. त्याच्यासारखा टोलेबाज त्या रानाने आधी कधी पाहिला नव्हता. माणसं ज्याला बेसबॉल म्हणतात, तोच खेळ तिथले प्राणी खेळत. चेंडू म्हणून कच्चं कवठ आणि फळी म्हणून सागाची फांदी. समोरच्याने कवठ फेकायचं, आपण ते फांदीने टोलवायचं आणि ते परत येईपर्यंत चारपैकी जमतील तेवढे दगड शिवून घ्यायचे, उरलेले पुढच्या टोल्यावर; चारही शिवले की एक धाव. तीनदा फटका हुकला की गडी बाद. कोल्ह्याने टोलवलेलं एक कवठ तर तीन दिवसांनी खाली आलं, आणि येताना पिकून आलं. मी स्वतः खाल्लंय. जरा आंबट होतं.

त्याच संघात एक अस्वल होतं. फटका मारायची त्याची पाळी आली की बघणारे पाणी पिऊन येत. पण बोलणं मात्र असं, की गेलेले पळत परत येत. एकदा त्याचे तिन्ही फटके हुकले, तर म्हणालं, "माझा नेम कधीच चुकत नाही. मी मारतो तिथे कवठ नसतं, एवढंच." एकदा हातातला झेल सुटला, तर म्हणालं, "मी बरोबर जागी उभा होतो. कवठच चुकीच्या वेळी आलं." संघ हरायला लागून सगळ्यांची तोंडं उतरली, की ते सांगे, "हरायची एवढी घाई कशाला? हरल्यावर त्यासाठी भरपूर वेळ मिळतो."

त्या रानात एक रीत होती. सामना संपला की सगळे खडकावर जमत. कावळा मधोमध बसून विचारे, "आजचं काय लक्षात ठेवायचं?" ज्या गोष्टीवर सगळ्यांच्या माना डोलत, ती गोष्ट कावळा दुसऱ्या दिवशी सकाळी रानभर ओरडून सांगे. कोल्ह्याने ओळीने बारा सामने जिंकून दिले, आणि बाराही सकाळी रानाने ऐकलं ते अस्वलाचं वाक्य!

कोल्ह्याचा जीव जळू लागला. पुढ्यातलं जेवण तसंच राहू लागलं. कोल्हीण म्हणाली, "अहो, टोले तुम्ही मारता, हे साऱ्या रानाला ठाऊक आहे."

"ठाऊक असून काय उपयोग? कुणाच्या तोंडी येतं का?" कोल्हा फणकारला. "काल तो ससा ओढ्यात घसरून पडला, आणि पडता पडता अस्वलाचं वाक्य म्हणाला! माझा टोला आठवत आजवर कुणी पडलंय का?"

"मग तुम्हीही बोला चार वाक्यं, आणि मला झोपू द्या," कोल्हीण वैतागून म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

कोल्ह्याने मात्र ते मनावर घेतलं. पुढचे आठ दिवस त्याने फांदीला हात लावला नाही. ओढ्याकाठी बसायचं, पाण्यातल्या आपल्याच तोंडाकडे बघायचं आणि वाक्य जुळवायचं. जुळवता जुळवता ते इतकं लांबलं, की पाण्यातल्या कोल्ह्यालाही मधेच जांभई आली.

मग पलीकडच्या रानातल्या वानरांशी सामना लागला. कोल्ह्याचा संघ एकाच धावेने मागे होता, ससा तिसऱ्या दगडावर टपून उभा होता आणि शेवटची पाळी कोल्ह्याची होती. एक टोला बसला की सामना खिशात! कोल्हा ऐटीत आला. फांदी खांद्यावर टेकवून त्याने लोकांकडे तोंड केलं.

"मंडळी, कवठ कितीही उंच गेलं तरी त्याने हे विसरू नये, की..."

सुर्रकन कवठ कानाजवळून गेलं. पंच कासव म्हणालं, "एक."

"तार तुटली," कोल्हा पुटपुटला. "आता पहिल्यापासून म्हणावं लागणार. मंडळी, कवठ कितीही उंच गेलं तरी त्याने हे विसरू नये, की ज्या फांदीने..."

"दोन."

"अहो, नंतर बोला! आधी मारा!" तिसऱ्या दगडावरून ससा बोंबलला.

पण कोल्ह्याच्या डोळ्यांसमोर कवठ नव्हतंच. तिथे होती उद्याची सकाळ, आणि त्याचं वाक्य घेऊन उडालेला कावळा. या खेपेला त्याने वाक्य भरभर म्हणत शेवटाजवळ आणलं.

"तीन. बाद," कासव म्हणालं.

"थांबा हो! शेवटचा शब्द राहिलाय!" कोल्हा ओरडला. पण वानरं तोवर नाचायला लागली होती.

सगळे तोंडं पाडून खडकावर जमले. कावळ्याने हळूच विचारलं, "आजचं काय लक्षात ठेवायचं?" सगळ्यांनी सवयीने अस्वलाकडे पाहिलं. अस्वल उठलं आणि कोल्ह्याशेजारी जाऊन बसलं.

"आठ दिवस हेच करत होतास होय रे? कशासाठी?"

"तुझ्यासारखं बोलता यावं म्हणून," कोल्हा मान खाली घालून म्हणाला.

"अरे वेड्या, मी का बोलतो, ठाऊक आहे? मला टोला मारता येत नाही म्हणून! तू टोला मारतोस आणि पळत सुटतोस. मी हुकतो आणि तिथेच उभा राहतो. सगळे बघत असतात. मग काहीतरी बोलावंच लागतं. तुझ्यासारखा एक टोला जरी बसला असता, तरी मी जन्मभर तोंड उघडलं नसतं."

कोल्ह्याने मान वर केली. "म्हणजे अस्वलदादा, तू माझ्यावर जळतोस?"

"रोज. जेवणाआधी एकदा आणि जेवल्यावर एकदा."

कोल्हा ताडकन उठला. त्याचा आवाज इतका चढला, की झाडावरची पाखरं उडाली. "मग हे आधी सांगायचं नाही का? इतके दिवस मी एकटाच जळतोय असं समजून उपाशी राहिलो!"

आधी सशाला हसू फुटलं, मागोमाग अस्वल पोट धरून लोळायला लागलं, आणि पंच कासवसुद्धा हसता हसता उताणं झालं. त्याला सरळ करायला चौघे लागले. साऱ्यांच्या माना डोलत होत्या. कावळ्याला पुन्हा विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रानभर आवाज घुमला, "कोल्होबा म्हणतात, इतके दिवस मी एकटाच जळतोय असं समजून उपाशी राहिलो!" झाडाझाडावरून, बिळाबिळातून हशा उठला. ज्यासाठी कोल्हा झुरत होता, ते त्याला मिळालं होतं. फक्त ते ऐकताना बिचाऱ्याने तोंड शेपटीखाली खुपसलं होतं, आणि कोल्हीण म्हणत होती, "अहो, नीट ऐका तरी! तुमचंच चाललंय."

तात्पर्य : आपण ज्याच्यावर जळतो, तो कदाचित आपल्यावरच जळत असतो, म्हणून दुसऱ्याचं तोंड उसनं आणण्यापेक्षा आपल्या हातातली फांदी नीट धरावी.