बिचिरचं झाकण

"पण झाकणच का?" बोधिपाल भंतेंनी विचारलं.

धम्मरतन मान खाली घालून बसला होता. तळ्यावरचा गार वारा विहाराच्या ओसरीत येत होता, तरी त्याचे कान तापले होते.

"ध्यानात बसल्यावर कुणी आईला हाक मारतो, कुणी घोरतो. तू आज सगळ्यांसमोर 'झाकण' म्हणालास. चांगलं मोठ्यानं."

"चूक झाली, भंते."

"चुकीबद्दल विचारलं नाही मी. झाकण कशाचं, ते विचारलं."

धम्मरतन साठी ओलांडलेला माणूस. चीवर अंगावर घेण्याआधी तो विलास खोब्रागडे होता. कारखान्यात आलेला माल तपासायचा, पास करायचा किंवा परत पाठवायचा, यातच त्याची सगळी नोकरी सरली. बायको वनमाला वारली. पुढच्या थंडीत त्यानं नागपूरचं घर मुलीच्या हवाली केलं आणि भंडारा जिल्ह्यातल्या या तळ्याकाठच्या विहारात येऊन श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाला. निघताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्या उपासकांना सांगायचा. आता त्याला उपसंपदा हवी होती. पूर्ण भिक्खू व्हायचं होतं.

आणि नेमकं आज तोंडून हे निघालं.

"माशाच्या टाकीचं झाकण," तो म्हणाला.

भंते ऐकत राहिले.

"बिचिर म्हणतात त्याला. आफ्रिकेकडचा मासा. सापासारखा लांब, पाठीवर छोट्या छोट्या परांची रांग. तळाच्या वाळूवर पुढचे पर टेकत चालतो. डोळ्यांनी धड दिसत नाही, वासावर खाणं शोधतो. चेहरा असा की कुणालाही वाटावं, हा फार म्हातारा आहे. आमच्या घरी त्याला म्हाताराच म्हणतात."

"आणि झाकण?"

"तो पाण्यात राहतो, पण हवा वरची घेतो, भंते. थोड्या थोड्या वेळानं वर येतो, तोंड बाहेर काढतो, परत खाली जातो. म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही. वर चार बोटं जागा सोडायची. आणि झाकण मात्र असं पक्कं पाहिजे की कुठं फट नको. नळी जायला जेवढी जागा लागते, तेवढ्यातून तो निघतो. मुद्दाम निघत नाही. नाक लावत लावत जातो, आणि बाहेर पडतो."

सांगता सांगता त्याची पाठ ताठ झाली होती. हात हवेत टाकीची लांबी दाखवत होते.

"कुणी आणला?"

"उत्पलानं. माझ्या मुलीनं. आठवीत होती तेव्हा. सीताबर्डीच्या दुकानात काचेला नाक लावून उभी राहिली, हलेचना. टाकी आम्ही दोघांनी मिळून बसवली. वाळू धुवून धुवून तिचे हात सोलले होते. तिची आई रागावली होती आम्हा दोघांवर..."

तो थांबला.

"वनमाला गेल्यावर घरात फारसं बोलणं राहिलं नाही, भंते. मी ऑफिसातून येणाऱ्या पोरीला विचारायचो, त्यानं खाल्लं का? ती म्हणायची, खाल्लं. किंवा ती मला विचारायची. तेवढंच."

तळ्यात कुणाची तरी डोंगी वल्ह्यांचा आवाज करत गेली.

"आज कसं आठवलं मग?"

"काल तिचा फोन आला होता." धम्मरतन तळ्याकडे बघत म्हणाला. "तो टाकीतून निघाला. सकाळी स्वयंपाकघरात सिलेंडरमागे सापडला तिला. धुळीनं माखलेला. पण श्वास चालू होता. ओल्या फडक्यात धरून तिनं परत पाण्यात सोडला. मग मला विचारलं, झाकणाचं काय करू?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की मी आता त्यातला नाही."

"आणि ती?"

"'बरं, भंते,' म्हणाली. फोन ठेवला."

वृद्ध भंते त्याच्याकडे बघत राहिले. ते बघणं धम्मरतनला सोसेना.

"मी गेलो नाही, भंते," तो घाईनं म्हणाला. "जावंसं वाटलं, पण मोहाला बळी पडलो नाही. म्हणून तर म्हणतो, माझी उपसंपदेची तयारी..."

भंते उठले. ओसरीच्या पायरीशी जाऊन पायानं चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"मला तो मासा बघायचा आहे."

उत्तर नागपुरातल्या त्या घराचं दार उत्पलानं उघडलं, तेव्हा तिच्या एका हातात भिजलेला स्पंज होता. ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग स्पंज बाजूला ठेवला, हात पुसले, दोन खुर्च्यांवर पांढरी वस्त्रं अंथरली आणि जमिनीवर गुडघे टेकून दोघांना त्रिवार वंदन केलं. आधी बोधिपाल भंतेंना. मग बापाला.

धम्मरतन स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. भिंतीवर वनमालाचा फोटो होता. त्याला नवीन हार घातलेला होता.

"बँकेत नाही गेलीस?" त्यानं विचारलं.

"सुटी टाकली. याला एकट्याला ठेवायची भीती वाटली."

टाकीवर पाट ठेवला होता, पाटावर पाण्यानं भरलेली कळशी. काचेच्या झाकणाचा एक कोपरा फिल्टरच्या नळीसाठी कापलेला होता, तिथं तिनं फडकं कोंबलं होतं. मासा मागच्या कोपऱ्यात, फुटक्या माठाच्या तुकड्याखाली पडून होता. पाठीचे दोन पर फाटले होते. अंगावर खरचटल्याच्या पांढऱ्या रेघा.

"इथं मी फोम लावला होता," धम्मरतन म्हणाला.

"धुवून वाळत घातला होता. लावायचा राहिला." तिचा आवाज बारीक झाला. "एकच दिवस राहिला."

"आणि पाणी किती भरलंस? वर येऊन श्वास घ्यायला जागा कुठंय त्याला?"

"मला वाटलं, जास्त पाणी बरं."

तो बोधिपाल भंतेंकडे बघायलाही विसरला. उठला, चीवर खांद्यावर सारखं केलं आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. करवत जिथं असायची तिथंच होती. अॅक्रिलिकचा एक जाड तुकडा त्यानं मापानं कापला, नळी आणि वायर जेमतेम जाईल एवढी खाच ठेवली, कडा कानशीनं घासल्या. उत्पला मग्यानं टाकीतलं पाणी बादलीत काढत होती. चार बोटं जागा झाल्यावर त्यानं मान हलवली आणि ती थांबली. कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

मग झाकण बसवायची वेळ आली. तुकडा काचेवर घट्ट धरून कडेनं मोठ्या क्लिपा लावायच्या होत्या. ती एका बाजूला, तो दुसऱ्या.

"तिकडून दाब," तो म्हणाला. "अजून. अजून जरा."

"थांबा ना बाबा, बोट अडकलं माझं!"

दोघांचेही हात तिथल्या तिथं थांबले.



उत्पलाचा चेहरा लाल झाला. तिनं बोट सोडवून घेतलं. खाली बघत म्हणाली, "भंते."

धम्मरतननं पुढची क्लिप उचलली. ती लावायला त्याला वेळ लागला.

"हं," तो म्हणाला. "आता दाब."

शेवटची क्लिप लागली. त्यानं झाकणाच्या चारी कडांवरून बोट फिरवलं, कारखान्यात फिरवायचा तसं. कुठं फट नव्हती. मग दोघं टाकीसमोर उकिडवी बसली आणि वाट बघू लागली.

बराच वेळ काही झालं नाही.

मग माठाच्या तुकड्याखालून ते म्हातारं तोंड बाहेर आलं. फाटके पर हलवत मासा हळूहळू वर चढला. झाकणाखालच्या मोकळ्या जागेत त्यानं तोंड काढलं, पुसट असा 'टप्' आवाज झाला, आणि तो वळून खाली गेला.

उत्पलानं डोळे पुसले. हात ओलाच होता, त्यामुळे चेहरा अजूनच भिजला.

"खाल्लं का त्यानं?" धम्मरतननं विचारलं.

"नाही."

"उद्या खाईल. कोळंबी सोलून, बारीक तुकडे करून टाक. पर येतात भरून."

"बरं."

दुपार व्हायच्या आत तिनं दोघांना भोजनदान दिलं. वरण, भात, वांग्याची भाजी. ती वाढत होती आणि तो पात्रात बघून जेवत होता. भाजीत मीठ वनमालाच्या हाताएवढंच होतं. ते त्याला सांगावंसं वाटलं. श्रामणेरानं जेवणाची चव सांगायची नसते, म्हणून सांगितलं नाही.

निघताना तिनं पुन्हा वंदन केलं. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा तिचे केस पुढे सांडले. पूर्वी परीक्षेला जाताना ती अशी वाकायची आणि तो डोक्यावर हात ठेवायचा. आता त्यानं तो हात चीवरात आवळून धरला.

"सुखी हो," तो म्हणाला.

ती दारात उभी राहिली. आत गेली नाही.

त्यांना घेऊन आलेल्या उपासकाची जीप गल्लीच्या तोंडाशी होती. दोघं मागच्या सीटवर बसले. जीप मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत धम्मरतननं मागे पाहिलं नाही, आणि हे आपल्या लक्षात आलं याचंच त्याला समाधान वाटलं.

"भंते," तो म्हणाला, "काम पक्कं झालं. आता तो निघणार नाही. माझ्याही मनात आता मागचं काही राहिलं नाही. उपसंपदेचं आपण..."

भंते खिडकीबाहेर बघत होते.

"क्लिप लावताना ती तुला काय म्हणाली?"

"भंते म्हणाली."

"त्याच्या आधी."



सिग्नलला जीप थांबली. शेजारच्या स्कूटरवर एक बाई पोराला पुढे उभं करून निघाली होती. सिग्नल सुटला, स्कूटर पुढे गेली, जीपही निघाली.

"बाबा," तो म्हणाला.  "बाबा म्हणाली."

बोधिपाल भंते त्याच्याकडे वळले.

"मग ओ का दिली नाहीस?"