भोयाचं पदक

कर्दळगडचे रायाजीराजे हट्टाला पेटले होते, आणि तेही रुपयाएवढ्या एका पदकासाठी.

राजांना जुनी पदकं जमवायचं वेड होतं. कुस्तीची, तलवारबाजीची, लढाईतल्या पराक्रमाची, जुन्या दरबारांनी दिलेली कितीतरी पदकं त्यांच्या दालनात मखमलीवर मांडलेली होती. जोडीला हस्तिदंती डब्या, चिमुकल्या पितळी मूर्ती, अत्तराच्या नक्षीदार कुप्या. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या महाराजांनी, रयतेला दिलेली पदकंही राजांनी घरोघरून गोळा केली होती. लोकांनी ती दिली, कारण राजाला नाही कोण म्हणणार? फक्त एका पदकाचा खळगा मखमलीत रिकामा राहिला होता. तो दिसला की राजांचा दिवस खराब जाई.

ते पदक होतं नदीपलीकडच्या हैबती भोयाकडे. महापुरात त्यानं आपली नाव लोटून झाडांवर अडकलेली माणसं काढली होती, म्हणून थोरल्या महाराजांनी ते स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातलं होतं. एका बाजूला संस्थानची मोहोर, दुसऱ्या बाजूला लाटांवरची नाव. आता हैबती म्हातारा झाला होता, डोळ्यांनी दिसत नव्हतं. ओसरीवर बसून तो ती उठावाची नाव अंगठ्यानं चाचपत राही. घाटावरची नाव आता त्याची मुलगी भिवरा चालवत होती.

राजांनी पदकाच्या बदल्यात आधी सोनं देऊ केलं, मग जमीन. हैबतीनं दोन्ही परत पाठवलं. तेव्हा राजांनी भिवरेलाच दरबारात बोलावून घेतलं.

भिवरेनं हात जोडून सांगितलं की सरकारांना पदक संग्रहात हवं आणि बाबांना ते हातात हवं. वस्तू एक, दोन्हीकडे कशी असणार?

राजांनी तेच शब्द पकडले. "असं म्हणतेस? मग तेच करून दाखव. पदक आमच्या संग्रहातही असलं पाहिजे आणि तुझ्या बापाच्या हातातही. तुकडे करायचे नाहीत, नक्कल करायची नाही. जमलं तर आम्ही पुन्हा मागणार नाही. नाही जमलं, तर येत्या बाजाराच्या दिवशी मुकाट्यानं आणून द्यायचं."

कारभारी नरहरपंत गालात हसले. असली अट घालायचं त्यांनाही सुचलं नसतं.

भिवरा घरी आली, पण बापाला काही बोलली नाही. नाव वल्हवताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. सोनाराकडे जावं तर नक्कल नको. पळून जावं तर आंधळ्या बापाला घेऊन कुठं? म्हाताऱ्यानं मात्र तिच्या वल्ह्याचा आवाज ऐकून ओळखलं की पोरीचं चित्त ठिकाणावर नाही. "पदकाचंच असेल," तो म्हणाला, "तर देऊन टाक बाई. माणसं वाचली ती वाचलीच." एवढं बोलून तो पुन्हा अंगठ्यानं नाव चाचपू लागला. ते बघून भिवरेनं ठरवलं की पदक द्यायचं नाही.

बाजाराच्या दिवशी ती दरबारात आली ती रिकाम्या हातांनी. दरबार भरलेला होता. राजांनी पदक कुठं आहे विचारलं.

"बाबांच्या हातात आहे, सरकार."

"म्हणजे अर्धी अट झाली. आणि आमच्या संग्रहात?"

पंत तपकीर ओढत होते. त्यांच्या हातातल्या डबीकडे बघत तिनं विचारलं, "सरकार, ही पंतांची डबी फार सुरेख आहे. त्यांचीच का?"

"पंतांची कसली?" राजे खुलले. संग्रहाची गोष्ट निघाली की ते खुलतच. "आमच्या संग्रहातली आहे ती. अस्सल हस्तिदंती. पंतांना वापरायला दिली आहे."

"मग दरबार सुटल्यावर ती दालनात परत जात असेल."

"छे. पंत घरी नेतात."

"आणि घरी नेली की संग्रहातून ती वजा होते?"

"वजा कशी होईल? आमची वस्तू आमच्या माणसाजवळ आहे. दालनात असली काय, पंतांच्या घरी असली काय, संग्रहातच आहे ती."

पंतांना काहीतरी वास आला. ते सरकार, सरकार म्हणून मध्ये बोलायला गेले, पण नेमकी शिंक आडवी आली.

"मग सरकार, एवढंच सांगा," भिवरा म्हणाली. "माझा बाप सरकारांचा माणूस आहे, की परका?"

राजे पेचात पडले. परका म्हणावं, तर ज्याला थोरल्या महाराजांनी गळ्यात पदक घालून आपला म्हटलं, त्याला भर दरबारात तोडल्यासारखं. आपला म्हणावं, तर...

राजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी डबीकडे पाहिलं.

"पण तो खळगा रिकामाच राहणार!" राजे शेवटचा प्रयत्न करत म्हणाले.

"राहू द्या, सरकार. पाहुणे विचारतील, इथलं कुठं गेलं? तेव्हा सांगा, बाकीची पदकं ठेवलेली आहेत, हे अजून माणसाजवळ आहे."

राजे आधी ओठांत हसले, मग त्यांना हसू आवरेना. गादीवरचा लोड मांडीवर घेऊन ते हसत राहिले. भिवरेला त्यांनी सागवानाची नवी नाव देण्याचा हुकूम केला. आणि रयतेच्या घरांतून आणलेली थोरल्या महाराजांची पदकं ज्याच्या त्याच्या घरी पोचवायला सांगितलं. "सगळी आमचीच माणसं आहेत," ते म्हणाले. "संग्रह काही कमी होत नाही."

पंतांनी गुपचूप डबी कनवटीला लावली.

नव्या नावेतून पहिले पलीकडे गेले ते राजेच. हैबतीच्या ओसरीवर बसून त्यांनी महापुराची सगळी हकिगत ऐकली, मग पदक बघायला हात पुढे केला. म्हाताऱ्यानं मूठ उघडली, पण पदक काही सोडलं नाही.

"बघा सरकार," तो म्हणाला, "पण माझ्या हातातच बघा."

राजे इतके मोठ्यानं हसले की पलीकडच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायका माना वर करून बघू लागल्या.