आक्कानं ठेवलेली मूठ

आपल्या आजीच्या आजीनंही पाहिले नाहीत, अशा दिवसांतली ही गोष्ट. पवनवाडीच्या माळावर ठकूआक्का गवत कापायची. तिचा विळा चालू लागला की वारासुद्धा बाजूला होऊन वाट द्यायचा, असं म्हणतात.

आक्काची एक रीत होती. बुंध्याशी डाव्या हाताची मूठ टेकवायची आणि मुठीच्या वर कापायचं. सहा पट्टे कापले की सातवा उभा सोडायचा, बी झडेपर्यंत.

तिचा धाकटा भाऊ गेनू मात्र भारी उतावळा. तो आपल्या वाटणीचं गवत मातीलगत खरवडायचा आणि सातवा पट्टाही सोडायचा नाही.

“गेन्या, माळाची हजामत करतोस व्हय रं?” आक्का हसायची. “मूठभर ऱ्हाऊ दे, त्येच्यावर मुळं जगत्यात. आन् बी पडलं न्हाई तर फुडच्या साली काय दगडं कापशील?”

“तुझी मूठ तुझ्यापाशी ठेव, आक्का. माझा भारा बघ केवढा!”

पहिल्या वर्षी त्याचा भारा मोठा. दुसऱ्या वर्षी आक्काएवढा. तिसऱ्या वर्षी गवत बोटभर, आणि चौथ्या वर्षी नुसती खडी.

त्याच वर्षी सहा पट्टे कापून झाले आणि आक्का तापानं गेली. जाताना म्हणाली, “सातवा तेवढा संभाळ.” गेनू इतका रडला, की माळावरचा ओढा खारट झाला, असं म्हणतात.

चार दिवसांनी पल्याडच्या गावचा सखोबा दहा माणसं आणि विळे घेऊन आला.

“सर बाजूला, गेनबा. जिचं गवत ती गेली.”

गेनूच्या हाती काठीही नव्हती. तो धावत जाऊन पट्ट्याच्या कडेला बसला, बुंध्याशी मूठ टेकवली आणि ओरडला, “हात लावायचा न्हाई! आक्कानं मूठ ठेवलीया हितं!”

तो आक्काच्या रितीचं बोलत होता. त्यांच्या कानी गेली मांत्रिकाची मूठ, जी लागली की माणूस जागीच आडवा होतो.

“आरं पळा! मूठ हाय!”

घाबरून ते उलटे त्या पट्ट्यातूनच पळाले. बी धरलेली पिकली कुसळं धोतरांत घुसली. “चावली, मूठ चावली!” असं बोंबलत, कुसळं उपटून फेकत ते गेनूच्या उजाड खडीवरून थेट घरापर्यंत गेले.

पुढच्या पावसाळ्यात ते पळाले त्या वाटेनं खांद्याएवढं गवत उठलं. सखोबाच्या म्हशीनं तर दावणीवरूनच तोंड घातलं, असं म्हणतात. गेनू पोटभर हसला, आणि हसताहसता सांगायला आक्काला शोधू लागला. त्यानंतर त्याचा विळा कधी मुठीखाली गेला नाही.

अजूनही बी पिकलं की पवनवाडी सातव्या पट्ट्यातून “चावली, चावली!” ओरडत धावते आणि उजाड जागी बसून अंगावरची कुसळं वेचून तिथंच टाकते. कापणीच्या पहिल्या दिवशी मात्र विळा चालण्याआधी गावातला एखादा धाकटा भाऊ बुंध्याशी मूठ टेकवतो.

“आक्का, ठेवली गं.”

मग सगळे क्षणभर गप्प राहतात. माळावरून कुणी ‘गेन्या’ म्हणून हाक मारतं का, ते ऐकायला.