स्वप्नाची पडताळणी

नदीपलीकडच्या नीलगड राज्यात एक अजब कायदा होता. आसरा मागायला आलेल्याने रात्री सरकारी धर्मशाळेत झोपायचं आणि सकाळी पडलेलं स्वप्न सांगायचं. स्वप्नात जुना मुलूख दिसला, की अर्ज नामंजूर आणि माणूस परत नावेत. कारभारी विसोपंत मिशीला पीळ देत म्हणत, "माणूस खोटं बोलतो, स्वप्न बोलत नाही."

पुरात आई आणि घरदार गमावलेली येसू सकाळी त्यांच्यापुढे उभी राहिली. डोळ्यांवर अजून झोप होती. थाप मारणं तिच्या जिवावर आलं.

"आमचं गाव दिसलं, सरकार. चिंचेखाली आई बसली होती."

"झालं तर." विसोपंतांनी नामंजुरीचा शिक्का उचलला. "तुझं घर अजून तिकडेच आहे."

"पुढचं तर ऐका. आईनं केस विंचरले, भाकरी वाढली. मग मी म्हटलं, आई, उजाडायला आलं, आता घरी जाते. तिनं वेशीपर्यंत सोडलं. धुक्यातून चालत चालत मी घरी पोचले आणि जाग आली."

"कुठे?"

"तुमच्या धर्मशाळेत."

विसोपंतांनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला आणि दुसरा उचलला.