धाकूचा दोर आणि फुशारका कोयता

अवजारं एकमेकांना टोमणे मारायची, त्या काळातली गोष्ट. धाकू माडावर चढून नारळ पाडायचा. स्वतःला माडाशी बांधायचा दोर तो चढण्याआधी रोज बोटांनी चाचपून बघायचा. कोयत्याला ते खुपायचं.

"राबतो मी आणि लाड या आळशाचे! हा नुसता लोंबकळतो."

"माझं काम न पडलेलंच बरं," दोर म्हणाला.

एके दिवशी शेंड्याजवळ धाकूचा पाय सटकला. कोयता हातातून सुटला आणि खाली शेणाच्या ढिगात तोंड खुपसून पडला. धाकू मात्र दोरावर लटकला आणि शिव्या घालत पुन्हा माडाला बिलगला.

संध्याकाळी धुऊन निघालेला कोयता हळूच म्हणाला, "दोरभाऊ, तुमच्यात एखादा धाकटा आहे का? माझ्या मुठीला बांधायला?"